चकव्यातलं स्थळ

बार्शीत शशिकांत हेंद्रे यांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले आणि हात रिकामा असेल तेव्हा लोकांची लग्नं जमवली. एकसष्ट जमवली. कपड्यांची शिलाई घेतली, लग्नांचं कधी काही घेतलं नाही. मांडवात मानाची टॉवेल-टोपी मिळाली की माणूस खूश. स्वतःच्या मुलीचं तेवढं त्यांना जमवता आलं नाही. शलाकानं तिचं तिनं जमवलं आणि तिचं तिनंच मोडलं, आणि त्या विषयावर बापलेक दोघंही तोंडाला कुलूप लावून असत.

त्या गुरुवारी शलाका पुण्याहून आली तेव्हा दुपार झाली होती. तिचे आप्पा दुकानातच बसले होते. चार वर्षांपूर्वी शलाकाची आई मालनबाई गेल्या, त्या महिन्यात आप्पांनी मशीनवर चादर टाकली ती टाकलीच. तेव्हापासून शलाका घरी यायची ती जरा धास्तावूनच. पण आज माणूस वेगळा दिसत होता. दाढी घोटलेली, सदऱ्याला इस्त्री, चष्म्याची मोडकी काडीसुद्धा बदललेली.

"बस. आधी हे वाच," म्हणत त्यांनी मोबाईल तिच्या हातात दिला. पोरगी पाणी प्यायली का, हे विचारायचंही राहून गेलं.

बगाड्यांच्या निवेदिताचं जमत आलं होतं. निवेदिता मागच्या गल्लीतली, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, वय चौतीस. एकदा साखरपुडा होऊन मोडलेला. घरी आई नाही, वडील अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले. येणारं प्रत्येक स्थळ त्या खाटेकडं बघायचं आणि चहा अर्धा ठेवून उठायचं. आता नाशिकचं स्थळ आलं होतं. मुलगा हर्षवर्धन माळवदे, पाणी शुद्ध करायच्या कारखान्यात इंजिनिअर. वडील नाहीत, आई सुलभाताई. पत्रिका जुळली होती. मोडलेल्या साखरपुड्याचं कळूनही कुणी नाक मुरडलं नव्हतं. येत्या रविवारी मंडळी बघायला येणार होती.

"पाच महिने चाललंय," आप्पा म्हणाले. "मधे पितृपक्ष आला. मग त्यांच्यात सुतक पडलं. मग मुलाच्या मामाचं ऑपरेशन निघालं. पण दर खेपेला आधी कळवलं गं. रीतीची माणसं आहेत."

"फोनवर बोललात का कधी?"

"सुलभाताईंना कमी ऐकू येतं. त्या लिहितात. आणि काय लिहितात म्हणून सांगू तुला. अगदी तुझ्या आईसारखं."

शलाका हसली आणि वाचायला लागली. आदल्या दिवशीच्या दुपारी आप्पांनी लिहिलं होतं, "बरंय ताई, निघतो आता." त्याखाली सुलभाताईंचं उत्तर होतं: "निघताय कुठं. बसा की, ऊन तरी उतरू द्या."

शलाका हसायची थांबली. मोबाईल तिनं मशीनच्या फळीवर ठेवला. आई हे थंडीतसुद्धा म्हणायची. पाहुण्यानं पिशवी उचलली की तिचं हे ठरलेलं. आणि हे वाक्य सुलभाताईंच्या तोंडी कसं गेलं, हे सगळ्या जगात एकट्या शलाकाला माहीत होतं.

आता शलाका काय काम करायची, ते सांगायला हवं.

समाजमाध्यमांवर लुबाडणाऱ्या खात्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा सुरुवातीला असं खातं सापडलं की कंपन्या ते बंद करायच्या. पण ती लढाई रक्तबीजाशी होती. एक थेंब सांडला की दहा उभे. खातं बंद झालेलं चोराला लगेच कळायचं, आणि तासाभरात तो नवं नाव, नवा फोटो लावून हजर. शलाकाच्या कंपनीनं उलटा विचार केला. चोराला हाकलायचंच नाही. त्याला कळू न देता खऱ्या माणसांपासून तोडायचं, आणि त्याच्याभोवती खोटी माणसं उभी करायची. यंत्रानं रचलेली, पण नावागावाची, नात्यागोत्याची, लिहिताना चुकणारी. चोर बापडा त्यांना गटवत बसतो. चोराकडं यंत्रं असतात, माणसं असतात, खोटी नावं तर पोत्यानं असतात. वेळ तेवढा त्याला खोटा बनवता येत नाही, म्हणून वेळच खाऊन टाकायचा. रानात चकवा लागला की माणूस रात्रभर चालतो आणि उजाडल्यावर बघतो तर त्याच बाभळीखाली उभा. यंत्रणेचं नाव त्यावरूनच ठेवलं, चकवा.

चोर कोण, हे चकवा गोड शब्दांवरून ठरवत नाही. गोड बोलणं चोराला आपल्यापेक्षा बरं जमतं. तो चाल बघतो. एका दिवसात किती अनोळखी लोकांना लिहिलं, सगळ्यांना तोच मजकूर गेला का, ओळख होते न होते तोच जन्मतारीख, फोटो, पगार, घरदार विचारलं का. असं बघताना हजारात एखादा सज्जनही आत जाणार, हे कंपनीत सगळ्यांना माहीत होतं. पण फसवणुकी निम्म्यावर आल्या होत्या. तेव्हा त्या एकाचं कुणाला पडलंय.

शलाकाकडं दोन कामं होती. अडकलेल्याला संशय येऊ नये म्हणून त्याच्या घरच्या चार-पाच माणसांशी त्याचं बोलणं चालू ठेवायचं, ही कल्पना तिचीच. तिला त्याबद्दल शाबासकीही मिळाली होती. दुसरं काम खोट्या माणसांना मराठी बोलायला शिकवायचं. त्यांची भूक एकच, बोलणं तुटू द्यायचं नाही. असं कोण बोलतं, याचा विचार करताना तिला आई आठवली. मालनबाईंच्या तावडीतून पाहुणा तासाभराच्या आत सुटला असं कधी झालं नव्हतं. शलाकाच्या फोनमध्ये आईचे नऊ वर्षांचे कॉल आपोआप साठून राहिले होते. तिनं ते सगळे चकव्यापुढं ठेवले. आई अशी का होईना कामाला आली, याचं तिला तेव्हा बरंच वाटलं होतं.

वरच्या खोलीत जाऊन तिनं लॅपटॉप उघडला आणि स्वतःच्या बापाचा नंबर टाकला.

जूनच्या सत्तावीस तारखेला आप्पांनी एकशे ऐंशी अनोळखी लोकांना एकच मजकूर पाठवला होता. सोबत निवेदिताची माहिती, आणि खाली विचारणा: मुलाची जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मगाव, पगार, घर स्वतःचं की भाड्याचं, अलीकडचा फोटो. चाळीस वर्षं हेच विचारून त्यांनी एकसष्ट संसार उभे केले होते. यंत्राला याहून पक्का चोर कुठं मिळणार. त्याच संध्याकाळपासून आप्पा चकव्यात होते. माळवद्यांची चौकशीसुद्धा त्यांनी रीतसर केली होती. नाशिकच्या समाजातल्या चौघांना विचारलं होतं, आणि चौघांनी घर चांगलं आहे म्हणून कळवलं होतं. ते चौघंही चकव्यातलेच.

चोरापासून लोकांना वाचवायचं म्हणून बाहेरून येणारे निरोपही चकवा अडवतो. त्या ढिगात अंबाजोगाईच्या एका बाईचे तीन निरोप होते. जुलैत तिनं लिहिलं होतं, निवेदिताची माहिती वाचली, माझा भाऊ कॉलेजात शिकवतो, मुलीच्या वडिलांचं आम्हाला काही अडचणीचं वाटत नाही, पुढं बोलू या. ऑगस्टमध्ये, दादा विचारतोय, काय झालं. सप्टेंबरात, तुमच्याकडून उत्तर नाही, तेव्हा नकार समजते, मुलीला शुभेच्छा कळवा. शलाकानं त्या भावाचं खातं शोधलं. तुळशीचं लग्न झाल्या झाल्या त्याचं लग्न लागलं होतं. फोटोत तो गळ्यातला हार सावरत हसत होता.

तिनं कंपनीत इनामदारांना फोन लावला. ते तिचे वरिष्ठ, माणूस वाईट नव्हता.

"वडिलांना आत्ताच्या आत्ता बाहेर काढ," ते म्हणाले. "पण सांगायचं काही नाही. चकवा म्हणून काही आहे हे फुटलं, की उद्या प्रत्येक चोर समोरच्याची परीक्षा घेणार. चार लाख खाती आत आहेत, शलाका. मुलाकडच्यांकडून नकार पाठवून दे. स्थळं काय, मोडतातच."

बोलणं पटण्यासारखं होतं, हीच तर पंचाईत. सुलभाताई नकार कळवतील. निवेदिता आठ दिवस रडेल. आप्पा नाशिककरांना चार शिव्या हासडतील आणि नवीन स्थळ बघायला लागतील. कुणाला काही कळणार नाही. शलाकानं नकाराचा मजकूर लिहायलाही घेतला, आणि खालून निवेदिताचा आवाज आला.

आप्पांचा एक जुना नियम होता. पक्कं होईपर्यंत मुलामुलीनं एकमेकांचे नंबर घ्यायचे नाहीत, जे काय ते मध्यस्थाच्या हातून. पोरं परस्पर बोलतात, परस्पर बिनसतं आणि तोंड मध्यस्थाला दाखवावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून निवेदिता रोज संध्याकाळी लॅबमधली पाळी संपली की दुकानात यायची आणि आप्पांच्या मोबाईलवरून हर्षवर्धनला लिहायची. तेवढा वेळ आप्पा पाठ करून दोऱ्याची रिळं लावत बसायचे.

शलाका जिना उतरून आली. "ताई, तू आलीस ते बरं झालं," निवेदिता म्हणाली. "रविवारी काय नेसू ते तूच सांग. काकांना विचारलं तर म्हणतात सगळंच चांगलं."

"सगळंच चांगलं असतं," आप्पा रिळांकडं बघत म्हणाले.

"तुला सांगू, मी त्यांना बाबांचं सगळं लिहिलं. उठवावं लागतं, कपडे बदलावे लागतात, कधी कधी चिडून ताट भिरकावतात. म्हटलं, पळायचं तर आत्ताच पळू दे. तर म्हणतात, बाबांना घेऊन या. तळमजल्यावरची खोली बघून ठेवलीय त्यांनी, चाकाची खुर्ची जावी म्हणून." ती बोलता बोलता थांबली आणि पदराशी चाळा करत हसली. "मी परवाच लॅबमध्ये सांगितलं, जानेवारीपासून येणार नाही."

समोरच्याला काय ऐकायचंय ते हेरायचं, त्यातलं अर्धं आज द्यायचं आणि उरलेलं उद्यावर टाकायचं. हा नियम शलाकाच्याच हातचा होता, चकव्याच्या पहिल्या टिपणातला. तळमजल्यावरची खोली त्याच नियमातून निघाली होती. नकार पाठवून ही खोली काही निवेदिताच्या डोक्यातून जाणार नव्हती. कुठल्यातरी भल्या माणसानं आपल्याला बघून ठेवलं आणि मग टाकलं, एवढंच ती जन्मभर धरून बसली असती.

"निवेदिता, तो मुलगा नाहीये," शलाका म्हणाली.

"नाहीये म्हणजे? नकार आला?"

"नकार यायला कुणी असावं लागतं. तिथं कुणी नाहीच. मुलगा नाही, त्याची आई नाही, खोली नाही."

मग तिनं सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. चकवा काय, आप्पा त्यात कसे गेले, तो कुणी बनवला. मधे कुणी तिला तोडलं नाही. आप्पांच्या हातातलं रीळ सुटून दुकानाच्या पायरीपर्यंत घरंगळत गेलं आणि ते कुणी उचललं नाही.

निवेदितानं विचारलं, "मग मी लिहायची ते कोण वाचायचं?"

"यंत्र."

"माणूस कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

"बरं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्यानं शलाकाला जास्त लागलं. "माणसांनी कधी माझ्या बापासाठी खोली बघितली नाही गं ताई. मला तेव्हाच कळायला हवं होतं." तिनं पर्स खांद्याला लावली. "चोरासाठी विहीर खणलीस, ते चांगलंच केलंस. तिच्यावर झाकण कुणी टाकायचं?"

शलाका तिच्या वाटेतून बाजूला झाली.

"मी निघते. लॅब सातला बंद होते. माझ्या जागेवर अजून कुणाला घेऊ नका, म्हणून सांगायला हवं." पायरीवरचं रीळ उचलून तिनं आप्पांच्या हातात दिलं आणि ती गेली.

आप्पा ते रीळ मुठीत धरून बसून राहिले. शलाकाला वाटलं, आता बोलतील, निदान ओरडतील तरी. त्यांनी वेगळंच विचारलं.

"मला कुणी खरं माणूस लिहीत होतं का? जे तू अडवलंस?"

हे तरी झाकता आलं असतं. अंबाजोगाईचं आता काही होणार नव्हतं, मग सांगून आणखी दुखवायचं कशाला. पण लपवालपवीनं काय होतं ते अर्ध्या तासापूर्वीच दिसलं होतं. तिनं तिन्ही निरोप त्यांना वाचून दाखवले, आणि त्या भावाचं लग्न झाल्याचंही सांगितलं.

आप्पांचा चेहरा पडला. निवेदिताच्या वेळी पडला नव्हता इतका पडला. "होकाराला हवा तेवढा वेळ घ्या, पण नकार त्याच दिवशी पोचला पाहिजे. मी सगळ्यांना हे बजावून सांगत आलो. एकसष्ट लग्नांमागं तीनशे नकार पोचवलेत मी, शलाका. पावसापाण्यात सायकलवरनं जाऊन पोचवलेत. मुलीवाल्याला ताटकळत ठेवायचं नसतं, तसं मुलावाल्यालाही नसतं. आणि ही बाई तीनदा विचारते, आणि हेंद्रे गप्प." त्यांनी मोबाईल शलाकापुढं सरकवला. "तिचा नंबर लाव."

शलाकानं लावून दिला. आप्पा उभे राहून बोलले. "ताई, बार्शीचा हेंद्रे शिंपी बोलतोय. तुम्ही तीनदा लिहिलंत, उत्तर माझ्याकडून राहिलं. चूक माझी, मुलीची नाही. एवढंच सांगायचं होतं. दोघांना माझा आशीर्वाद सांगा." यंत्राचं त्यांनी नावसुद्धा काढलं नाही.

फोन ठेवून ते खाली बसले. मग म्हणाले, "सुलभाताई. त्यांच्या तोंडी तू आईचं बोलणं घातलंस."

"हो."

"ती आणखी कुणाकुणाशी बोलते?"

"आत असलेल्या सगळ्यांशी. जे मराठी बोलतात त्या सगळ्यांशी."

"म्हणजे चोरांशी."

"हो, आप्पा."

"पाच महिने मी सकाळी उठून दाढी करायचो ती कशासाठी, ते आज कळलं," आप्पा म्हणाले. "मला वाटायचं, निवेदिताचं जमतंय म्हणून बरं वाटतंय. तसं नव्हतं. दुपारी दोन वाक्यं वाचायला मिळायची, त्यासाठी होतं." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "ती जन्मात कुणाशी खोटं बोलली नाही. भाजीवाल्यानं दोन वांगी जास्त घातली तर परत द्यायला जायची. तिला तू चोरांच्या दारात बसवलीस, दिवसरात्र खोटं बोलायला."

शलाकाला रडू फुटलं. आई गेली तेव्हा कामाच्या गडबडीत ती नीट रडलीही नव्हती. आप्पांनी तिला रडू दिलं.

"मी तुम्हाला बाहेर काढते," ती शेवटी म्हणाली. "वर जाऊन तुमच्या नंबरावरची चोराची खूण काढायची, दोन मिनिटांचं काम आहे."

"थांब जरा. आधी नकार कळवतो."

"कुणाला, आप्पा? तिथं कुणी नाहीये."

"माझ्या बाजूला मी आहे की," आप्पा म्हणाले आणि त्यांनी मोबाईल पुढं ओढला.

एका बोटानं, अक्षर अक्षर शोधत त्यांनी लिहिलं. सप्रेम नमस्कार. आमच्याकडून नकार समजावा. मुलात किंवा मुलीत दोष नाही. योग नव्हता. कळावे. मजकूर पुन्हा एकदा वाचला आणि पाठवला.

उत्तर लगेच आलं. "असं काय एकदम? आमचं काही चुकलं का?"

आप्पा पुढं काही लिहायच्या आत आणखी ओळी आल्या.

"रविवार नको असेल तर शनिवारी येतो."

"हर्षवर्धन जेवला नाही हो ऐकल्यापासून."

"भाऊ, रागावलात?"

शलाकाला ठाऊक होतं हे काय चाललंय. धागा तुटायला आला की चकवा आपल्याकडचं सगळं काढून बघतो, जे चालेल ते. तिनं आप्पांच्या मनगटावर हात ठेवला, पण त्यांनी मोबाईल सोडला नाही. पडद्यावर शेवटची ओळ आली.

"निघताय कुठं. बसा की, ऊन तरी उतरू द्या."

आप्पांचं बोट हवेतच राहिलं. त्यांनी मान वर करून बाहेर बघितलं. दिवेलागण झाली होती, समोरचा किराणावाला देवापुढं उदबत्ती लावत होता. मग त्यांनी लिहिलं: "उतरलं. निघतो."

मोबाईल त्यांनी शलाकापुढं धरला. "मला काढ. आणि तिलाही काढ, सगळीकडनं."

"आप्पा, चकव्याची सगळी मराठी आईवर उभी आहे. ती काढली तर गाडाच अडेल. माझी नोकरी जाईल, आणि आतले चोर..."

"मला त्यातलं काही कळत नाही, बाळ," आप्पा म्हणाले. "मी तिला एकदा पोचवून आलोय. दुसऱ्यांदा तू पोचव."

शलाकानं मोबाईल हातात घेतला. सुलभाताईंच्या नावाखाली 'लिहीत आहे' असं अजून दिसत होतं.